शेतकरी म्हणजे कोण?

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातली शेतं कापसाने पांढरीशुभ्र होतात. कमरेला ओटी बांधून कापूस वेचतात त्या बहुतेक बायकाच. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा पुरुषाचं! आणि शेतकऱ्याचं चित्र काढा म्हटलं, की आपण काढतो फेटेवाले बाबा. असं का बरं?

विदर्भातल्या शेतकऱ्यांविषयी सतत लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत राबणाऱ्या बायकांचे फोटो काढले. काम दिसतं, पण बाई दिसत नाही, हेच त्यांना दाखवायचं होतं. प्रदर्शन कुठे लागलं, ठाऊक आहे? बसस्थानकांवर, कारखान्यांत, शाळांतसुद्धा!

तुमच्या हाती कॅमेरा आला, तर आधी आईचं काम टिपा. पण तिला विचारून हं!