थंडीतील सायकलप्रवास आणि पावलांची ऊब

कोल्हापूरची थंडी उत्तर हिंदुस्थानातल्यासारखी कडक नव्हे. पौष महिन्यातही पहाटेचे तापमान साधारणतः 14-15 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. क्वचितच ते त्याहून बरेच खाली उतरते. असे असूनही पंचगंगा-भोगावतीच्या काठच्या गावांतून सकाळच्या शाळेस सायकलीने येणाऱ्या विद्यार्थ्याची पावले वर्गात बसल्यावरही बराच वेळ गार राहतात. थंडी बेताची असता असे का व्हावे, हे समजण्याजोगे आहे.

शरीरास गारठा जाणवू लागला की हृदय, फुप्फुसे इत्यादी मर्मस्थानांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पावले हृदयापासून सर्वांत दूर. त्यांत स्नायूही थोडे. सायकल चालविताना श्रम होतात ते मांड्यांचे व पोटऱ्यांचे. चालताना पाऊल वाकते, बोटे जमिनीला रेटतात. पॅडलवर मात्र चवडा जवळजवळ निश्चल असतो. त्यात वारा पडलेला असला तरी ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार स्वतःच तेवढ्या वेगाचा वारा अंगावर घेतो आणि त्वचेलगतचा उबदार हवेचा थर उडून जातो.

या सर्वांहून घातक गोष्ट म्हणजे ओल. उसाच्या फडांमधील पायवाटेवर दव दाट पडते व रस्त्याला लागण्यापूर्वीच पावले भिजतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते आणि त्यातील बरीचशी त्वचेतूनच ओढली जाते. कोल्हापुरी चप्पल उन्हाळ्यात सुखावह खरी, परंतु दवापासून ती चवड्याचे रक्षण करू शकत नाही.

वर्गात हे सहज दाखविता येते. दोन सारख्या डब्यांत सारखेच कोमट पाणी भरावे. एकास ओले फडके व दुसऱ्यास कोरड्या घोंगडीचा तुकडा गुंडाळून दोन्ही खिडकीतील वाऱ्यात ठेवावेत. दर पाच मिनिटांनी तापमापक पाहून विद्यार्थ्यांनी आकडे फळ्यावर लिहावेत. धनगरी घोंगडीची ऊब कशात आहे, हे मग निराळे सांगावे लागत नाही: लोकरीच्या तंतूंत अडकलेली हवा ही उष्णतेची मंदवाहक होय.

याच कारणाने घट्ट बूट निरुपयोगी ठरतात. एकावर एक दोन पायमोजे चढवून बूट आवळला तर आतली हवाही जाते व रक्ताभिसरणही मंदावते. बोटे हलविता येतील इतका सैल बूट, कोरडा पायमोजा व तळाशी वर्तमानपत्राची घडी एवढे पुरेसे आहे. कान व छाती झाकलेली असतील तर पावलांकडे रक्त अधिक जाते. म्हणून कानटोपीचा उपयोग पायांनाही होतो, हे मुलांना नवलाचे वाटेल. वाटेत एखादा चढ सायकल हातात धरून चालत गेल्यास बोटांना पुन्हा ऊब येते.

बधिर पावलाची उपेक्षा करू नये. गळिताच्या हंगामात धुक्यातून उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येत असतात. अशा वेळी पॅडलवरून पाय निसटणे किंवा टेकविण्यास क्षणभर उशीर होणे जिवावर बेतू शकते. शाळेत पोहोचल्यावर असे पाऊल शेकोटीस धरू देऊ नये. संवेदना मंदावलेली असल्याने चटका कळत नाही व त्वचा भाजते. पाऊल पुसून कोरडे करावे आणि मुलास थोडे चालावयास लावावे. मधुमेह असलेल्या शिक्षकांनी तर ही काळजी स्वतःविषयीही घ्यावी.

राज्य शासनाने 2023 साली शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट व दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. दुसरी जोडी घरी ठेवून दिली जाते असे पुष्कळदा होते. ती दप्तरात कोरडी ठेवावी व शाळेत आल्यावर बदलावी. भिजलेली जोडी उन्हात वाळत घालावी आणि बुटात रद्दी कागदाचे बोळे भरून ठेवावेत, म्हणजे परतीच्या वेळेपर्यंत बरीच ओल शोषली जाते.