घराचा उंबरठा आणि कचेरीचे दप्तर

कुटुंब म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यास आपल्या घरातील लहान मुलाला क्षणभरही विचार करावा लागत नाही. आजी, आजोबा, काका, काकू, आत्या, चुलत भावंडे अशी नावे ते बोटांवर मोजू लागते आणि बोटे पुरत नाहीत. परंतु हाच प्रश्न सरकारी दप्तरात शिरला की त्याचे रूप पालटते. तेथे कागदावर रकाने आखलेले असतात. आणि ज्या नात्याला रकाना नाही ते नातेच नाही, असा दप्तराचा न्याय असतो. जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे जेथे येऊन वसली त्या अमेरिकेत समाजकार्य आणि मानसोपचार या दोन व्यवसायांना हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे छळीत आला आहे. त्याचे उत्तर तेथे कसे शोधण्यात आले, हा इतिहास गिरमिटियांच्या वंशजांनी मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. कारण रकान्यात न मावणाऱ्या घरांचा अनुभव त्यांच्या पूर्वजांइतका क्वचितच कोणी घेतला असेल.

आजीचा गुन्हा

ओहायो राज्यातील ईस्ट क्लीव्हलंड या नगरात इनेझ मूर नावाची एक कृष्णवर्णीय आजी राहत असे. तिच्या घरी तिचा एक मुलगा व त्याचा मुलगा राहत. तिच्या दुसऱ्या मुलाची पत्नी निवर्तली, तेव्हा तिचे वर्षाच्या आतले तान्हे मूलही आजीकडे आले. दोन चुलत भावंडे एका छपराखाली, आजीच्या मायेत वाढू लागली. आपल्याकडे याला कोणी बातमीही म्हटले नसते. परंतु त्या नगराच्या नियमात ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या इतकी अरुंद होती की एका मुलाची संतती आजीपाशी राहू शके, दोन मुलांची संतती एकत्र राहू शकत नसे. 1973 मध्ये नगराने आजीला नोटीस दिली की हा नातू घरात बेकायदा राहत आहे. तिने नातवाला बाहेर काढण्यास नकार दिला. तिच्यावर खटला झाला. पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड अशी शिक्षा तिला फर्मावण्यात आली.

हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1977 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी आजीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती पॉवेल यांच्या निकालपत्राचा आशय असा की, आईबाप आणि मुले एवढ्यापुरतीच कुटुंबाची परंपरा मर्यादित नाही. काका, मावश्या, चुलत भावंडे आणि विशेषतः आजी-आजोबा यांनी एका घरी राहण्याची परंपराही तितकीच प्राचीन व आदरणीय आहे. एकत्र कुटुंबाची थोरवी सांगण्यास एका आजीला न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट खेदाची खरी. परंतु तिने ती थोरवी कायद्याच्या पोथीत लिहवून घेतली, ही गोष्ट अभिमानाची आहे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे 1978 मध्ये, तेथील आदिवासी बालकांसंबंधी एक महत्त्वाचा कायदा झाला. त्यापूर्वीच्या पाहणीत असे दिसून आले होते की आदिवासींची शंभरांतील पंचवीस ते पस्तीस मुले घरांतून उचलून परक्या कुटुंबांत वा संस्थांत ठेवण्यात आली होती. मूल आजीपाशी वा मावशीपाशी ठेवून आई कामाला गेली, तर ‘आईने मूल टाकले’ असा शेरा बाहेरचे अधिकारी मारीत. नव्या कायद्याने मुलाच्या आप्तांना प्रथम स्थान दिले. हा कायदा घटनाबाह्य ठरवावा म्हणून झालेली मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळली.

शिकागोची चाती आणि मुंबईचे नागपाडा

न्यायालयापर्यंत न जाताही ज्यांनी परक्या घराचे मोल ओळखले, अशी माणसे अमेरिकेत पूर्वीपासून होती. शिकागो शहरात जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार या दोन स्त्रियांनी 1889 मध्ये ‘हल हाउस’ ही संस्था सुरू केली. भोवती इटालियन, जर्मन, ग्रीक अशा गरीब स्थलांतरितांची वस्ती होती. जेनबाईंच्या ध्यानात एक दुःख आले. मुले शाळेत जात, इंग्रजी बोलू लागत, आणि डोक्यास रुमाल बांधणाऱ्या आपल्या आईची त्यांना लाज वाटू लागे. एक मुलगी तर आईबरोबर संस्थेत आली तरी निराळ्या दाराने आत शिरे.

जेनबाईंनी मुलीला उपदेश केला नाही. 1900 मध्ये त्यांनी संस्थेत श्रमकलांचे एक संग्रहालय उघडले. तेथे त्या आयांना चातीवर सूत कातण्यास व मागावर कापड विणण्यास सन्मानाने बसविले. शहरातील सुशिक्षित पाहुणे त्यांचे कसब पाहून थक्क होऊ लागले. ते कौतुक त्या मुलीच्या कानी पडले, आणि त्यानंतर ती आईच्या बरोबरीने एकाच दाराने येऊ लागली. घरातील बिघाड मुलाच्या मनात नसून त्याच्या डोळ्यांसमोर आईला मिळणाऱ्या वागणुकीत असू शकतो, ही ओळख आज कुटुंबोपचाराच्या शास्त्रात मूलभूत मानली जाते. साल्व्हाडोर मिनुचिन या अर्जेंटिनात जन्मलेल्या मानसोपचारतज्ज्ञाने 1960 च्या दशकात गरीब कुटुंबांवर काम करताना हेच पाहिले, की एकट्या रोग्याला समोर बसवून भागत नाही, सारे घर पाहावे लागते.

या विचाराचा एक धागा महाराष्ट्राशीही जुळलेला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे मुंबईस आले आणि नागपाड्याच्या दाट वस्तीत त्यांनी ‘नेबरहूड हाउस’ चालविले. त्यातून 1936 मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय.

त्याच्याही कितीतरी आधी, 1883 मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना आसरा मिळाला. त्या घराने आनंदीबाईंचा आहार व पोशाख बदलण्याचा हट्ट धरला नाही, आणि आनंदीबाईंनी यजमानीणबाईंशी मावशीचे नाते जोडले. 1886 मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परक्या विद्येच्या दारात आपल्या घरची समजूतही विचारात घेतली जावी, असा तो नम्र परंतु ठाम आग्रह होता.

औषधाची बाटली आणि हरवलेला आत्मा

हा आग्रह दुर्लक्षिला गेला तर काय घडते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील मर्सेड गावी घडले. लिया ली ही लाओस देशातून आलेल्या ह्माँग कुटुंबातील मुलगी 1982 मध्ये जन्मली. तिला अपस्माराचे झटके येत. डॉक्टरांच्या मते तो मेंदूचा विकार होता. आईबापांच्या मते भयाने तिचा आत्मा हरवला होता. डॉक्टर निष्णात होते आणि आईबापांचे तिच्यावर निरतिशय प्रेम होते. परंतु औषधे वारंवार बदलत गेली. आईबापांना वाचता येत नव्हते, आणि दुभाषी नेहमी मिळतच असे असे नाही. औषध नियमित दिले जात नाही म्हणून 1985 मध्ये मुलीला घरातून काढून तात्पुरत्या पालक-कुटुंबाकडे ठेवण्यात आले. पुढे ती घरी परतली. परंतु 1986 च्या अखेरीस आलेल्या भीषण झटक्यानंतर तिची जाणीव कायमची मावळली. घरच्यांनी तिला पुढे जवळजवळ सव्वीस वर्षे पोटाशी धरून सांभाळले. 2012 मध्ये तिचा अंत झाला. ॲन फॅडिमन यांनी 1997 मध्ये या हकिकतीवर ग्रंथ लिहिला आणि तो वैद्यक व समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडू लागला.

या प्रकरणात कोणी दुष्ट नव्हते, हेच त्यातील खरे दुःख होय. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने अशा प्रसंगांसाठी काही साधे प्रश्न सुचविले आहेत. तुम्ही या दुखण्याला काय म्हणता? ते कशाने झाले असे तुम्हांस वाटते? ते आताच का सुरू झाले? त्यापासून तुम्हांस सर्वांत अधिक भय कशाचे वाटते? कोणता उपचार व्हावा अशी तुमची अपेक्षा आहे? आपल्या गावच्या जुन्या वैद्याने नाडी पाहता पाहता हेच विचारले असते! अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात 1994 पासून रोग्याच्या संस्कृतीचा विचार करण्याची रूपरेषा आली, आणि 2013 च्या आवृत्तीत त्यासाठी सोळा प्रश्नांची पद्धतशीर मुलाखत देण्यात आली.

याच्याही पुढचे पाऊल 1998 मध्ये मेलनी टर्व्हॅलन व जॅन मरी-गार्सिया या दोन वैद्यकीय विदुषींनी टाकले. परक्या संस्कृतीत ‘पारंगत’ होण्याची भाषाच त्यांना खटकली. एखादे पुस्तक वाचून ‘भारतीय कुटुंब असे असते’ असे ठरविणारा तज्ज्ञ अज्ञान्याहून अधिक घातक ठरू शकतो. म्हणून पारंगततेपेक्षा विनम्रता हवी. आपले अज्ञान ओळखून घरालाच गुरू करावे, असे त्यांनी प्रतिपादिले.

जहाजी घरांची निराळी कहाणी

या विनम्रतेची गरज गिरमिटियांच्या वंशजांस किती आहे, हे न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातील रिचमंड हिल येथे गेल्यास कळते. 1965 च्या कायद्याने अमेरिकेचे दरवाजे अधिक मोकळे झाल्यावर गयाना व त्रिनिदाद येथील भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबे तेथे येऊन वसली. लिबर्टी ॲव्हेन्यूवर मिठाईची व पूजासाहित्याची दुकाने आहेत. घरांपुढे झेंड्या फडकतात. फगव्याची मिरवणूक निघते. परंतु ही माणसे कचेरीत गेली की दप्तर गोंधळते. त्यांचे मुखवटे भारतीय, बोलणे कॅरिबियन इंग्रजी, आणि मायभूमी विचारली तर उत्तर जॉर्जटाउन! एक कचेरी त्यांना भारतातून आलेले समजून हिंदी दुभाषी शोधते. दुसरी त्यांना वेस्ट इंडियन म्हणून त्यांच्या धर्माची चौकशीच करीत नाही.

दप्तराशी असा विसंवाद या घरांना नवा नाही. 1834 मध्ये ‘अ‍ॅटलस’ जहाज मॉरिशसला लागले, 1838 मध्ये गयानाला आणि 1845 मध्ये त्रिनिदादला पहिली जहाजे पोहोचली. कोकणातील कुटुंबे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली. प्रत्येकाच्या नावाचा कागद झाला. त्यावर बापाचे नाव, जात, गाव, अंगावरील खुणा यांची नोंद झाली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत अशा नोंदी आजही जतन केलेल्या आहेत, आणि त्यांच्या आधारे कित्येकांनी आपले मूळ गाव शोधून काढले. परंतु आरकाट्याने फसविलेल्या मुलाची आई गावी वाट पाहत होती, हे लिहिण्यास त्या कागदावर जागा नव्हती. त्रिनिदादमध्ये अग्नीच्या साक्षीने झालेल्या हिंदू विवाहांना 1940 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कायद्याची स्वतंत्र मान्यता नव्हती. त्या लग्नांची मुले सरकारदरबारी अनौरस ठरत. अशा वेळी जहाजावर जुळलेले ‘जहाजी भाई’ व ‘जहाजी बहीण’ हे नाते रक्ताच्या नात्याइतके मानले गेले. हा इतिहास ज्या समाजसेविकेस ठाऊक नाही, तिला आजचा आजोबा सरकारी कागदाला का बिचकतो हे कसे कळावे?

परंतु संस्कृतीचा आदर म्हणजे घरातील अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ‘लोक काय म्हणतील’ या भयाने सुनेचा मार आणि तरुणाचे नैराश्य चार भिंतींत कोंडले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या अहवालात, 2012 सालासाठी, आत्महत्यांच्या प्रमाणात गयाना जगात सर्वांत वर होता. लाखामागे चव्वेचाळीस हा आकडा होता, आणि त्याची झळ भारतीय वंशाच्या ग्रामीण घरांना फार लागली. भय जहाजातून आले तसे विमानातूनही बरोबर येते. म्हणूनच न्यू जर्सीत 1985 मध्ये ‘मानवी’, न्यू यॉर्कमध्ये 1989 मध्ये ‘सखी’ आणि 2007 मध्ये इंडो-कॅरिबियन स्त्रियांची ‘जहाजी सिस्टर्स’ या संस्था स्त्रियांनीच उभ्या केल्या. आपल्या भाषेत दुःख ऐकणारी बाई समोर असली, की संस्कृती ही बेडी न राहता आधार होते.

चांगला समाजसेवक घरात कसा शिरतो, ते या सर्वांवरून ध्यानी येते. तो उंबरठ्यावर पादत्राणे काढतो आणि वडीलधाऱ्यांस प्रथम नमस्कार करतो. आईचे दुखणे सांगण्यासाठी तो लहान मुलाला दुभाषी करीत नाही. कारण त्यामुळे मुलाच्या खांद्यावर न पेलणारे ओझे पडते आणि आईची मर्यादा भंगते. पूजापाठ व झाडणे-उतरणे यांची तो टवाळी करीत नाही, परंतु औषधाचा आग्रहही सोडीत नाही. सर्वांसमोर ऐकून झाल्यावर तो सुनेशी एकांतातही बोलतो. आणि घरात कोण कोण आहे हे तो कागदावरून ठरवीत नाही. ते तो घरच्यांनाच विचारतो.

सांस्कृतिक मंडळांनाही यात वाटा उचलता येईल. मंदिराच्या सभामंडपात भजनासाठी जमणाऱ्या मंडळींनी वर्षातून एखादा दिवस मनाच्या आरोग्याविषयी बोलण्यास राखून ठेवावा. आपल्या तरुण मुलामुलींनी समाजकार्य व मानसशास्त्र हे विषय अभ्यासावेत, असे उत्तेजन द्यावे. पूर्वजांनी परक्या भूमीत जहाजी नाती जोडून घरे उभारली. ज्या घरात दुःख बोलून दाखविण्यास जागा नाही, त्या घराला ती जागा करून देणे हे त्यांच्या वंशजांकडे आलेले काम आहे.