सापाचे घर

बंगळूरच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट या वसाहतीच्या कडेला अगरा तलाव आहे. अशा तळ्याकाठच्या झुडपांतून एखादी धामण अंगणात आली, तर तिला काचेच्या पेटीत ठेवण्याचा मोह मुलांना होणे स्वाभाविक आहे. तो आवरला पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी साप घरी पाळणे हा गुन्हा होय. अशा वेळी वनखात्यास कळवावे.

पाळता येतो तो परदेशी साप. त्यांपैकी बॉल पायथन हा आफ्रिकेतील लहान अजगर जगभर लोकप्रिय आहे. भ्याला, की तो डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो. त्याची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. तो वीस-तीस वर्षे जगू शकतो, हेही घेण्यापूर्वीच ध्यानी घ्यावे.

सापाचे शरीर आपल्या शरीराप्रमाणे स्वतःची ऊब राखू शकत नाही. रानात तो ऊन आणि सावली यांमध्ये जा-ये करून ती साधतो. पेटीत कोंडताच ही निवड आपण हिरावून घेतो, आणि ती परत देणे हेच सर्पगृहाचे पहिले कार्य होय. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने हिवाळ्यात रात्रीचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. एवढ्या गारव्यात या अजगराने गिळलेले भक्ष्य नीट पचत नाही. तो ते ओकून टाकतो, त्याच्या फुप्फुसांना विकारही जडतात. म्हणून पेटीचे एक टोक ३१-३२ अंशांवर, तर दुसरे २५-२६ अंशांवर ठेवावे. दोन्हीकडे तापमापक असावा, आणि उष्णता देणाऱ्या साधनास तापनियंत्रक जोडलेलाच असावा. दिवा जाळीआड हवा. उघड्या दिव्याला साप विळखा घालतो आणि कातडी भाजेपर्यंत दूर होत नाही.

चार फूट लांब व दोन फूट रुंद पेटी पूर्ण वाढलेल्या सापास पुरते. झाकणाला कडी हवी, कारण फट सापडली की साप निसटलाच. दोन्ही टोकांना लपण्याची जागा असावी, नाहीतर ऊब आणि आडोसा यांपैकी एकच त्याच्या वाट्यास येतो. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळ जमातीच्या सहकारी संस्थेत विष काढण्यासाठी आणलेले साप मातीच्या मडक्यांत ठेवीत आले आहेत. अंधारी, गार मडकी काही आठवड्यांपुरती ठीक. जन्मभराच्या वास्तव्यास एवढे पुरत नाही. मात्र आडवे ठेवलेले मडके पेटीत लपण्यास उत्तम.

तळाशी नारळाच्या सोडणांचा भुसा पसरावा, आणि साप आत बसू शकेल एवढे जड पाण्याचे भांडे ठेवावे. जिवंत उंदीर आत सोडू नये. तो सापालाच चावतो. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असावी. ती बेताची आहे की नाही, हे कात सांगते: कोरड्या हवेत तिचे तुकडे पडतात, हवा योग्य असली, म्हणजे ती डोळ्यांवरील पारदर्शक टोप्यांसह अखंड उतरते.