सुनेची देवी होते तेव्हा

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मधला (1936) सालोमालो आठवा. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा, देवाच्या आडून स्वार्थ साधणारा. असा माणूस समोर असला की प्रेक्षकाचं काम सोपं होतं. राग कुणावर काढायचा हे ठरलेलं असतं. आजच्या चित्रपटात सालोमालो नाही, आणि म्हणूनच तो चित्रपट मला अधिक भयंकर वाटतो.

सत्यजित राय यांचा ‘देवी’ 1960 सालचा. कथा प्रभातकुमार मुखोपाध्याय यांची, आणि तिची कल्पना त्यांना दिली रवींद्रनाथांनी. काळ 1860 च्या आसपासचा, गाव बंगालमधलं चांदीपूर. जमीनदार कालीकिंकर राय हे कालीचे निस्सीम उपासक. धाकटा मुलगा उमाप्रसाद कलकत्त्याला शिकतो आहे. त्याची कोवळी बायको दयामयी सासऱ्यांचे पाय चेपते, औषधपाणी बघते, पूजेची तयारी करते. एका रात्री सासऱ्यांना स्वप्न पडतं. काळोखात देवीचे तीन डोळे तरंगत येतात आणि त्यांच्या जागी सुनेचा चेहरा उमटतो. जाग येताच म्हातारा धडपडत येतो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवतो.

इथे मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट सांगावी लागते. आपण ‘सूनबाई’ म्हणतो. बंगाली सासरा सुनेला ‘मा’ म्हणून हाक मारतो. कालीलाही ‘मा’च म्हणतात. श्यामासंगीतातली, म्हणजे कालीच्या भक्तिगीतांतली, आर्त हाकही ‘मा’चीच. म्हणजे स्वप्नाआधीही कालीकिंकर तिला ‘मा’च म्हणत होते, आणि स्वप्नानंतरही तोच शब्द. बदलला तो फक्त अर्थ, आणि तो बदलण्याचा अधिकार एकट्या त्यांचा होता. थोरला मुलगा ताराप्रसाद वडिलांपाठोपाठ वाकतो, कारण वडील वाकले आहेत. दयामयी भिंतीकडे तोंड फिरवते. शर्मिला टागोर तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. ‘अपूर संसार’नंतरचा हा त्यांचा दुसराच चित्रपट. त्या वळण्यात जेवढी लाज आणि भीती आहे, तेवढी एखाद्या लांबलचक संवादात मावली नसती.

‘बुवाबाजी’ म्हटलं की आपल्याला भोंदू आठवतो, पैसा आठवतो. कालीकिंकर पैसा घेत नाहीत, खोटं बोलत नाहीत. त्यांची भक्ती शंभर टक्के खरी आहे. पण त्या भक्तीच्या पाठीशी जमीनदारी आहे, बापाचा शब्द आहे, आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय नसलेली एक सून आहे. तिला कुणी विचारतच नाही. तिला मखरात बसवतात, धुपाच्या धुरात तासन् तास आरत्या चालतात. शोषणाला लबाडी लागतेच असं नाही, हे रायांनी इतक्या शांतपणे दाखवलंय की कालीकिंकरांचा धड रागही येत नाही. छबी विश्वास यांनी ते उभेच तसे केले आहेत, हळवे आणि दरारा असलेले.

मग उमाप्रसाद काय करतो? विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, कलकत्ता विद्यापीठ 1857 चं. त्या नव्या हवेत वाढलेला हा तरुण. मित्राला विधवेशी लग्न करायचंय, तर हा त्याच्या बाजूने उभा राहतो. थोरल्या वहिनीचं, हरसुंदरीचं पत्र मिळताच तो घरी धावतो, बापाशी वाद घालतो. नेमका त्याच वेळी देवीच्या पायाशी आणून ठेवलेला एक आजारी मुलगा डोळे उघडतो. वाद तिथेच संपतो.

रात्री नवराबायको पळून जायला निघतात. नदीकाठी विसर्जन झालेल्या दुर्गेचा सांगाडा पडला आहे. माती विरघळून गेलेली, उरलेत बांबू आणि पेंढा. दयामयी थबकते. मी खरंच देवी असले तर? ही शंका तिची स्वतःची नाही, सासऱ्यांनी तिच्यात पेरलेली आहे. पण आता ती तिच्या तोंडून बोलते. ती माघारी वळते. मला तरी चित्रपटाचा सगळ्यात काळा क्षण हाच वाटतो, कारण इथे तिला कुणीही धरून ठेवलेलं नाही.

हरसुंदरीचं काम करुणा बॅनर्जी यांनी केलंय, ‘पथेर पांचाली’तली सर्वजया. घरात तिचा एकटीचा या देवीपणावर पहिल्या दिवसापासून विश्वास नाही. तिचा छोटा मुलगा खोका काकीच्या अंगाखांद्यावर वाढलेला. काकीची देवी झाल्यापासून तो तिच्यापर्यंत पोचूच शकत नाही. दारातून बघत राहतो. पुढे खोकाला ताप भरतो. हरसुंदरीला औषध हवं असतं, पण ज्या घरात देवी बसली आहे तिथे वैद्याला कोण येऊ देणार? अखेर ते मूल काकीच्या मांडीवर दिलं जातं. त्याला किती दिवस तिथेच तर जायचं होतं. सकाळी ते उठत नाही.