नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं तर?



गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या सभेत एका काकूंनी पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पोरीले कंपनीत नोकरी लागली जी. डिपॉझिट भराचं आहे, उद्याच शेवटची तारीख." पोरगी बारावी पास. मोबाईलवर शिक्का मारलेलं पत्र आलं होतं. पण मुलाखत कोणी घेतली नव्हती.

गटाने कर्ज थांबवलं. काकू रागावल्या. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मी बुटीबोरी एमआयडीसीत त्या कंपनीच्या गेटवर गेले. पत्र पाहून तिथल्या साहेबांनी सांगितलं, "हे आमचं पत्र नाही. आम्ही नोकरीसाठी पैसे घेत नाही."

मैत्रिणींनो, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. काम आपण करणार, पगार कंपनी देणार. मग आधी आपणच पैसे का भरायचे? डिपॉझिट, गणवेश, ट्रेनिंग, कोणत्याही नावाने मागितले तरी भरू नका. ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मग नोकरी शोधायची कुठे?

पहिलं, महास्वयम् या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा. नोंदणी मोफत आहे. मोबाईलवर जमलं नाही तर नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, तिथे विचारा. रोजगार मेळाव्याची माहितीही तिथेच मिळते.

दुसरं, हातात कौशल्य नसेल तर तालुक्याच्या उमेद कार्यालयात दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेची चौकशी करा. ही योजना २०१४ साली सुरू झाली. गरीब घरच्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींना मोफत प्रशिक्षण देऊन नोकरीला लावणं हे तिचं काम. स्त्रियांना वयाची सवलत ४५ पर्यंत आहे.

तिसरं, कागदपत्रं. आधार, गुणपत्रिका आणि बँक पासबुक यांवर नाव एकच आहे का पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या सुनांची अडचण इथेच होते. मेळाव्याच्या आदल्या रात्री ती दुरुस्ती होत नाही.

नोकरी लागली की चार गोष्टी न लाजता विचारा. नेमणूकपत्र मिळेल का? हातात पगार किती येईल? पीएफ कापत असाल तर माझा यूएएन नंबर कोणता? रात्रपाळी असेल तर येण्याजाण्याची सोय काय? आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, असा २०१३ चा कायदा आहे. त्या समितीत कोण आहे, तेही माहीत करून घ्या.

काकूंच्या पोरीचं नाव आता नोंदलं गेलं आहे. नोकरी अजून लागायची आहे, पण पाच हजार वाचले आणि काकू पुन्हा सभेला येऊ लागल्या आहेत.

पुढच्या सभेत तुम्हीही एक काम करा. गटातल्या कोणाकोणाच्या घरी नोकरी शोधणारी मुलगी, सून आहे, त्यांची यादी करा. आणि नोकरीचं पत्र आलं की पैसे भरण्याआधी ते सभेत मोठ्याने वाचा.