भुकेल्या नाकाचं रसायन

‘कॅनाबिनॉइड’ म्हटलं की डोळ्यांसमोर चिलीम येते. पण एंडोकॅनाबिनॉइड (शरीरातच तयार होणारे, मेदापासून बनलेले संदेशवाहक रेणू) गांजा कधी न पाहिलेल्या माणसाच्या मेंदूतही असतात. त्यांतला ॲनंडामाइड जेरुसलेममधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये ओळखला. गांजातला नशेचा घटक ज्या सीबी-१ ग्राहींना (पेशींवरच्या, संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटतो, त्यांनाच हेही चिकटतात. गैरसमजाचं मूळ इथेच आहे.

यांचा संदेश उलटा जातो. पंगतीत पोट भरलेला माणूस पानावर आडवा हात धरून वाढप्याला थांबवतो, तशी संदेश घेणारी चेतापेशी पाठवणाऱ्या पेशीला ‘पुरे’ म्हणते.

भुकेल्या नाकाला वास तीव्र जाणवतो, त्यामागेही हेच रेणू आहेत. पण थांबवण्यानं वास तीव्र कसा होईल? उत्तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत आहे, आणि ते मोठं गमतीदार आहे. उपाशी उंदराच्या गंधकंदात (मेंदूतल्या वासाच्या पहिल्या ठाण्यात) हे रेणू वाढतात. तिथे वासाचे संकेत दाबून ठेवणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना मेंदूच्या वरच्या भागातून चिथावणी मिळत असते. ‘पुरे’ म्हटलं जातं ते या चिथावणीला. दाब सैलावतो, वास ठळक होतो, उंदीर जास्त खातो.

दृष्टीची तऱ्हा वेगळी. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांत सीबी-१ चेतवल्यावर नेत्रपटलातल्या पेशींमधलं क्लोराइड घटतं, त्या अधिक सहज उद्दीपित होतात आणि अंधुक उजेडातही पिल्लांना हलते ठिपके दिसतात.

यावरून गांजानं नजर तेज होते, असं मात्र निघत नाही. शरीर हे रेणू गरजेपुरते, जागच्या जागी बनवतं आणि लगेच मोडतं. धुरातून आलेला पदार्थ मेंदूभर पसरतो आणि तासन्‌तास रेंगाळतो.