तारकागुच्छाचा न जुळणारा हिशेब

मे महिन्याच्या मध्यास, रात्री साडेदहाच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगरच्या दिव्यांचा उजेड मागे टाकून म्हैसमाळच्या पठारावर गेलेल्या मनुष्यास दक्षिण क्षितिजापासून सुमारे २२ अंश उंचीवर, नरतुरंग तारकासमूहात, जो एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तो वस्तुतः सुमारे एक कोटी ताऱ्यांचा आणि १७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ होय.

अशा गुच्छातील यच्चयावत तारे एकाच वायुमेघातून, एकाच काळी जन्मले, ही समजूत पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ रूढ होती. रंग आणि तेज यांच्या आलेखावर त्यांतील मध्यमवयीन तारे मग एकाच रेषेवर यावयास हवेत. परंतु हबल दुर्बिणीच्या सूक्ष्म मोजणीत ती रेषा दुभंगलेली आढळली, आणि २००५ साली इटलीचे जाम्पाओलो पिओट्टो व त्यांचे सहकारी यांनी वर्णपट तपासले, तेव्हा निळ्या शाखेतच जड मूलद्रव्ये अधिक निघाली. जड मूलद्रव्यांनी तारा तांबूस व्हावयाचा. तो निळा दिसतो, त्या अर्थी त्यात हेलियमचे प्रमाण नेहमीच्या २५ टक्क्यांऐवजी ४० टक्क्यांच्या घरात असले पाहिजे, असे मानणे भाग पडले. हा गुच्छ अपवाद म्हणावा, तर २००७ मध्ये एनजीसी २८०८ या गुच्छात तीन शाखा सापडल्या, आणि पुढे अपवादाचाच नियम झाला.

वर्णपटाचा दाखलाही तसाच आहे. गुच्छांतील पुष्कळ ताऱ्यांत सोडियम अधिक व ऑक्सिजन कमी असतो. हा फेरफार घडण्यास कित्येक कोटी अंशांची उष्णता लागते, आणि ती या लहान ताऱ्यांच्या गाभ्यात नाही. अर्थात तो त्यांनी जन्मतःच वारशाने घेतला. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीवर, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरावर, पुढे मोगल सुभेदारीत नवी वस्ती चढली, तसाच हा प्रकार. भेद इतकाच की, शहरात रहिवासी बाहेरून आले, येथे नव्यांचा पिंडच जुन्यांच्या राखेतून घडला.

ती राख कोणाची, हा वाद मात्र मिटलेला नाही. मध्यम वस्तुमानाचे वृद्ध तारे, वेगाने फिरणारे महाकाय तारे, सूर्याच्या हजारो पट वस्तुमानाचे अतिविशाल तारे, असे उमेदवार पुढे येतात, पण सर्व मूलद्रव्यांचा ताळेबंद कोणाच्याच हाती जुळत नाही. हेलियमसमृद्ध तारे उतारवयात अतिउष्ण होऊन अतिनील प्रकाशात झळकतात; म्हणून २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बिणीने, जिच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या संस्थेचाही सहभाग होता, एनजीसी १८५१ सारख्या गुच्छांतील असे तारे टिपले.

खरी अडचण वस्तुमानाची आहे. ताऱ्यांतून बाहेर पडणारे द्रव्य थोडे, आणि नवी पिढी मात्र अनेक गुच्छांत बहुसंख्य. तेव्हा जुनी पिढी एके काळी कित्येक पटींनी मोठी असून नंतर गुच्छाबाहेर पांगली असावी, असा एक तर्क आहे. आकाशगंगेच्या प्रभामंडलात नव्या पिढीची रासायनिक खूण असलेले थोडे तारे सापडलेही आहेत. परंतु ज्यांच्यावर साऱ्या हिशेबाची मदार, त्या जुन्या पिढीच्या ताऱ्यांची घडण प्रभामंडलातील इतर ताऱ्यांसारखीच असल्यामुळे, ते समोर असूनही केवळ रसायनाच्या पुराव्यावर त्यांना ओळखता येत नाही.